गोफणीचा दगड भलतीकडे का जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुतळीची गोफण स्वतः विणली, दगड लांब जातो, फटकाराही चांगला बसतो. पण 25 मीटरवर काठीला अडकवलेला पत्र्याचा डबा काही लागत नाही. दगड कधी डब्याच्या बराच वरून जातो, कधी पुढ्यातच आपटतो, कधी डावीकडे भरकटतो. सोडण्याआधी डोक्याभोवती चार-पाच फेरे देतो. नेम सुधारायला ताकद वाढवू की गोफण बदलू?

दोन्ही नको. आधी ते चार-पाच फेरे बंद करा.

फेरे वाढवले की दगडाला वेग येतो असं सगळ्यांनाच वाटतं. प्रत्यक्षात गुंडा, म्हणजे गोफणीतला दगड, जो सुटतो तो शेवटच्या अर्ध्या-पाऊण फेऱ्यातल्या झटक्याने. आधीचे फेरे दगड झोळीत, म्हणजे दोन दोऱ्यांमधल्या रुंद विणलेल्या भागात, नीट बसवण्यापुरते आणि हाताला लय देण्यापुरते. एक फेरा त्याला पुरतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात मनगट थोडं इकडे-तिकडे होतं, गोफणीचा फेर तिरका होतो, आणि शेवटच्या क्षणी आपण कुठल्या पातळीत फिरवतोय हे आपल्यालाच कळत नाही. रोमन सैन्याच्या शिक्षणाबद्दल लिहिणाऱ्या वेगेटियसनेसुद्धा हेच सांगून ठेवलंय, की गोफण डोक्याभोवती एकदाच फिरवून दगड सोडायची सवय लावावी. आमच्याकडे माळ्यावर, म्हणजे रानातल्या मचाणावर, उभा राहून ज्वारी राखणारा जुना माणूस पाहिला तर तोही एकच घेर देतो. त्याने वेगेटियस वाचलेला नसतो, पण दिवसभर हात चालवायचा असतो, म्हणून फुकटचे फेरे त्याला परवडत नाहीत.

आता दगड भरकटतो का, ते हिशेबाने बघू. दगड दोरीच्या दिशेने जात नाही, दोरीच्या काटकोनात जातो. म्हणजे चिमटीत धरलेली दोरीच्या टोकाची गाठ सुटते त्या क्षणी दोरी लक्ष्याकडे नको, लक्ष्याच्या रेषेला आडवी हवी. नवख्या माणसाचा दगड मागे किंवा बाजूला जातो त्याचं निम्मं कारण हे, की त्याचे डोळे झोळीवर असतात आणि झोळी समोर आलेली दिसल्यावर तो बोट उघडतो. तोवर उशीर झालेला असतो.

उशीर म्हणजे किती, हे कळलं की माणूस जरा नरम येतो. सुटताना दगडाचा वेग सेकंदाला 30 मीटर आणि फिरण्याची त्रिज्या 1 मीटर धरा. मग एका मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, दगडाची दिशा जवळपास पावणेदोन अंशांनी फिरते. 25 मीटरवर तो फरक पाऊण मीटर होतो. तुमचा डबा वीतभर रुंद. म्हणजे बोट उघडायला मिलिसेकंदाचा फरक पडला तरी डबा वाचला. एवढी बारीक वेळ कुणाचंही डोकं ठरवून साधू शकत नाही. ती हाताच्या सवयीनेच साधते, आणि सवय जडायची तर दोरी, दगड, पाय, घेर, सगळं दर वेळी तेच हवं.

पण इथे एक सोय आहे, आणि नेमाचं बरंचसं गमक त्यात आहे. चूक कुठल्या दिशेला जावी हे आपल्या हातात असतं. गोफण डोक्यावरून आडवी फिरवली, जमिनीला समांतर, तर सोडण्याच्या वेळेतली चूक डावी-उजवीकडे जाते. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा दगड उशिरा सुटला तर डावीकडे, लवकर सुटला तर उजवीकडे. तीच गोफण खांद्यावरून उभी फिरवली, बैलगाडीच्या चाकासारखी, तर वेळेची चूक वर-खाली जाते. लवकर सुटला तर उंच, उशिरा सुटला तर पुढ्यात. शिवाय वेगातली चूकही वर-खालीच दिसते. हवेचा अडथळा सोडून दिला तर 30 च्या वेगाने गेलेला दगड 25 मीटरवर पोचेपर्यंत साधारण साडेतीन मीटर खाली येतो. 25 च्या वेगाने गेलेला जवळजवळ पाच मीटर. म्हणजे नुसता जोर कमी-जास्त झाला तरी दीड मीटरचा फरक पडतो.

तुमचा दगड वरही जातो, खालीही आपटतो आणि डावीकडेही जातो. याचा अर्थ तुमचा घेर ना उभा आहे ना आडवा, मधला कुठलातरी तिरका आहे, आणि तोही दर वेळी वेगळा. म्हणून आधी घेर पूर्ण उभा करा. सगळ्या चुका एका उभ्या रेषेत आणा. मग डबा काढून ठेवा आणि त्या जागी उंच काठी किंवा बांबू रोवा, पुरुषभर उंचीचा. आठवडा-दोन आठवडे फक्त एवढंच बघायचं, की दगड काठीच्या रेषेत जातो का. वरून जाऊ दे, खाली पडू दे, तक्रार नाही. डावं-उजवं बंद झालं की उंचीचं काम निम्म्या वेळात होतं. दोन्ही एकदम सुधारायला गेलेली माणसं कंटाळून गोफण खुंटीला लावतात.

आता गोफणीकडे येऊ, कारण घरी विणलेल्या गोफणीत दोष असतातच आणि ते हाताला दोष देऊन जात नाहीत. सुतळी पिळाची असते. नुसता पीळ दिलेली दोरी वापरली तर गुंड्याच्या ओढीने पीळ उलगडू पाहतो आणि झोळी हवेत वळते. दगड कधी झोळीच्या काठावरून घरंगळतो, कधी मधून. त्यामुळे दोन्ही बाजूंना तिपेडी किंवा चौपेडी वेणीच घाला. वेणीचे पेड एकमेकांना अडवतात, दोरी वळत नाही. अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचा धागा, मिळाला तर सुतळीपेक्षा बरा. धनगर लोकरीची गोफण विणतात, तीही हाताला मऊ आणि टिकाऊ, पण नवी असताना थोडी ताणते हे लक्षात ठेवा.

ताणण्याचीच मुख्य भानगड. बोटात अडकवायच्या फासाची दोरी आणि चिमटीत धरायच्या गाठीची दोरी, दोन्ही विणताना मोजून सारख्या केल्या तरी महिन्याभरात सारख्या राहत नाहीत. फासाची दोरी हातातून कधीच सुटत नाही, ती सगळे झटके शेवटपर्यंत खाते आणि लांबते. मग झोळी एका बाजूला कलते. तपासणी सोपी आहे. फास बोटात घाला, गाठ चिमटीत धरा, गुंडा झोळीत ठेवून गोफण शांतपणे लोंबू द्या. झोळीचे दोन्ही कोपरे एका पातळीत आहेत का बघा. एक कोपरा बोटभर खाली असेल तर गाठ सोडून थोडी वर-खाली बांधा. ही तपासणी रोज, पहिला दगड लावायच्या आधी. नेम अचानक बिघडला अशी तक्रार घेऊन कुणी आलं तर मी आधी गोफण लोंबकळवून बघतो, फेक नंतर.

गाठीकडेही तेवढंच लक्ष हवं. मोठी, खरखरीत गाठ बोटांच्या पेरांत अडकते आणि दगड उशिरा सुटतो. फार बारीक असेल तर ती आधीच निसटते, नाहीतर आपण तिला घट्ट आवळून धरतो आणि उशीर होतो. ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याच्या चार-पाच पट जाड, गोल आणि वापरून गुळगुळीत झालेली गाठ चांगली. गाठीच्या पुढे जो वाखाचा झुपका सोडतात त्याने फट्‌कन आवाज येतो. पाखरांसाठी तो लागतो, नेमासाठी नाही. पण झुपका फार लांब असेल तर सुटताना मनगटाला गुरफटतो, म्हणून चार बोटांपेक्षा जास्त नको. पहाटे दहिवरात ज्वारीच्या ओल्या ताटांमधून हे टोक घासत गेलं की ते फुगतं, गाठ जाड होते, आणि कोरड्या दुपारी बसलेला हात पहाटे चुकतो. ओलं टोक धोतराला नाहीतर बाहीला पुसून घ्यायची सवय त्यासाठीच. तागाची किंवा वाखाची पिळाची दोरी भिजली की लांबत नाही, उलट आखडते, हेही ध्यानात असू द्या.

लांबीबद्दल वाद फार होतात. फास बोटात, गुंडा झोळीत, हात सरळ खाली सोडलेला, अशा स्थितीत झोळी घोट्याच्या आसपास यावी आणि जमिनीला टेकू नये. बहुतेक माणसांना ती हातापासून झोळीपर्यंत 60 ते 70 सेंटीमीटर पडते. लांब गोफण दगड लांब नेते यात शंका नाही. 1981 साली अमेरिकेत यूटा राज्यात लॅरी ब्रे याने 52 ग्रॅमचा दगड 437 मीटर फेकला, ती गोफण सव्वा मीटरहून लांब होती. पण तो विक्रम अंतराचा आहे. भूमध्य समुद्रातल्या बालेआरिक बेटांवरचे गोफणवाले प्राचीन काळी कार्थेजच्या आणि पुढे रोमच्या सैन्यात भाडोत्री म्हणून जायचे. ते तीन लांबीच्या गोफणी बाळगत: लांबच्या लक्ष्याला लांब, जवळच्याला आखूड, आणि एक मधली. तुमचं लक्ष्य 25 मीटरवर आहे. आखूडच वापरा, आणि एकदा लांबी ठरवली की बदलू नका.

झोळी गुंड्यापेक्षा थोडी मोठी असावी, गुंड्याला पूर्ण गुंडाळून घेणारी नको. खोल झोळीतून दगड बाहेर यायला वेळ लागतो आणि तो वेळ दर वेळी वेगळा असतो.

दगडांच्या बाबतीत लोक फार ढिलाई करतात. वाटेत सापडला तो उचलला, घातला झोळीत. एक 60 ग्रॅमचा, पुढचा 150 ग्रॅमचा, एक चपटा, एक टोकदार. मग हात काय शिकणार? शिकण्याच्या काळात सगळे गुंडे एका वजनाचे हवेत, आणि त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. 90 ते 110 ग्रॅमच्या मधले ठेवा, बाकीचे टाका. आपल्याकडचा काळा दगड, बेसॉल्ट, जड असतो. 100 ग्रॅमचा गोटा साधारण 4 सेंटीमीटर जाड भरतो, म्हणजे लिंबाएवढा. नदीचे गोटे उत्तम, कारण ते घासून गोल झालेले असतात. गोटा अगदी गोल नसून अंड्यासारखा लांबट असेल तरी चालतो, फक्त तो झोळीत दर वेळी त्याच दिशेने ठेवायचा. चपटा दगड टाळाच. तो हवेत तरंगत बाजूला वळतो आणि तुम्ही उगाच हाताला दोष देता.

भीमाकाठच्या काळ्या रानात दगड शोधूनही सापडत नाहीत. तिथे मातीचे गुंडे करा. नुसती काळी माती घेऊ नका, ती वाळताना आकसते आणि भेगाळून फुटते. तिच्यात पोयट्याची माती आणि मूठभर बारीक भुसा मिसळा, घट्ट मळा, तळहातावर वळा, दोन दिवस सावलीत आणि मग उन्हात वाळवा. मातीचा 100 ग्रॅमचा गुंडा दगडापेक्षा मोठा होतो, साडेचार-पाच सेंटीमीटरचा, त्यामुळे झोळी त्या मापाची विणावी लागते. याचा फायदा असा की सगळे गुंडे तुम्हीच वळल्यामुळे एका मापाचे होतात, आणि पडले की फुटून रानात मिसळतात. कणसाला लागलाच तर दगडापेक्षा नुकसान कमी.

फेक अशी करा. उजव्या हाताने फेकत असाल तर डावा पाय पुढे, अंग लक्ष्याला आडवं, डावा खांदा लक्ष्याकडे. फास मधल्या बोटात. काहीजण करंगळीत घालतात, तेही चालतं, पण बोट बदलत राहू नका. गाठ अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत, पेरांच्या खोबणीत खोल नको. डाव्या हाताने झोळीतला गुंडा धरा आणि दोन्ही हात लक्ष्याच्या दिशेने लांब करा, दोरी हलकी ताणलेली. इथे एक श्वास थांबा आणि काठीवर डोळे लावा. यानंतर डोळे काठीवरून हलवायचे नाहीत. झोळी कुठे आहे ते हाताला कळतं.

मग डाव्या हातातून गुंडा सोडा. तो खाली येऊन उजव्या पायाजवळून मागे जातो, पाठीमागून वर चढतो. हात खांद्याच्या मागे, कोपर वर. गुंडा मागे सगळ्यात वर येऊ लागला की वजन मागच्या पायावरून पुढच्यावर आणा, कोपर पुढे, मग मनगट, आणि हात सरळ काठीकडे जाऊ द्या. चेंडू फेकताना हात जातो तसाच. चिमूट मुद्दाम उघडावी लागत नाही. हात पुढे ताणला गेला की गुंड्याची ओढ गाठीला बोटांतून काढून घेते, तुम्ही फक्त तिला अडवायचं नाही. सुटल्यावर हात मध्येच थांबवू नका, तळहात लक्ष्याकडे करून पुरता जाऊ द्या. हात आडवा छातीवरून डावीकडे गेला तर घेर तिरका होता, दगड कुठेही पडला असो. म्हणून कुणाला तरी मागे नव्हे, बाजूला आणि बऱ्याच लांब उभं करून मोबाइलवर मंदगती चित्रण करून घ्या. स्वतःच्या फेकीबद्दल आपली समजूत आणि प्रत्यक्ष हात यांत किती फरक असतो ते त्यात दिसतं.

जोर निम्मा लावा. पूर्ण जोरात फेकताना अंग तिरकं होतं, दात आवळले जातात आणि चिमूटही आवळली जाते. 10 मीटरपासून सुरुवात करा. दगड त्या बांबूच्या रेषेत सलग जायला लागले की 15, मग 20. अंतर वाढवलं म्हणून जोर वाढवू नका, सोडण्याची उंची थोडी वाढवा. हात दुखायला लागला की थांबा. दमलेल्या खांद्याने फेकलेले शेवटचे दगड सकाळभराची सवय बिघडवतात, आणि कोपराचं दुखणं मागे लागलं तर महिनाभर गोफण हातात धरवत नाही.

उंचीवर काम सुरू केलं की दोषाची ओळख सोपी होते. सगळे दगड वरून जात असतील तर गाठ लवकर सुटतेय, बहुतेक गाठ बारीक आहे किंवा घामाने निसटतेय. सगळे पुढ्यात पडत असतील तर चिमूट घट्ट आहे, गाठ खरखरीत आहे किंवा झोळी खोल आहे. वर आणि खाली असे विखुरले असतील तर गोफणीकडे बघू नका, गुंड्यांची वजनं आणि जोर तपासा. डावं-उजवं परत दिसायला लागलं तर पाय बघा. पुढचा पाय काठीच्या रेषेतून सरकलेला असतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की पाखरांवर नेम धरून सराव केला तर चालेल का. नाही. राखणीत पाखराला दगड मारायचा नसतोच. पौष-माघात कणसं चिकात, म्हणजे दाणे कोवळे दुधाळ असताना, भोरड्यांचे, म्हणजे मैनेच्या जातीतल्या पाखरांचे, थवे उतरतात, पोपट आणि चिमण्या असतात. तेव्हा गुंडा कणसांच्या शेंड्यांवरून थव्याच्या पलीकडे घालायचा. आवाजाने थवा उठतो आणि दुसऱ्या रानाकडे वळतो. भोरड्या ज्वारी खातात तशा टोळ-नाकतोडेही खातात, आणि पोपटाला तर वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कौशल्य कशात असेल तर थवा कुठल्या बाजूला उठवायचा यात, आणि त्यासाठी गुंडा ठरल्या ठिकाणी पडावा लागतो. म्हणजे सराव तोच, काठीवरचा.

जागा निवडताना एवढं बघा. 100 ग्रॅमचा दगड सेकंदाला 30 मीटर म्हणजे ताशी 108 किलोमीटर, मध्यमगती गोलंदाजाच्या चेंडूच्या जवळपास वेग, आणि हा दगड आहे. नवखा फेकणारा दगड कुठल्याही दिशेला सोडू शकतो, त्यामुळे सुरुवातीला चारही बाजूंना माणूस, जनावर, घर, रस्ता नको. लक्ष्यामागे उंच बांध किंवा मातीचा ढीग हवा. खडकावर, भिंतीवर फेकू नका, गुंडा उलटा येतो. विजेच्या तारांखाली तर उभंच राहू नका. गावात मोकळं रान नसेल तर जुना टेनिस चेंडू वापरा. तो 57-58 ग्रॅमचा, हलका, हवेत लवकर मंदावतो, त्यामुळे अंतराचा अंदाज त्यावर बसणार नाही, पण घेर उभा करायला आणि काठीची रेष धरायला तो पुरतो. झोळी मात्र त्याच्यासाठी वेगळी, रुंद विणावी लागेल, कारण चेंडू साडेसहा सेंटीमीटरचा असतो आणि गुंड्याच्या झोळीत तो बसत नाही.